खरखर किती पुसायची? ‘रोमन कॅन्डल’चं प्रकरण

एप्रिल 2010 मध्ये एलियट स्मिथचा पहिला एकल अल्बम ‘रोमन कॅन्डल’ नव्याने बाजारात आला. मूळ अल्बम जुलै 1994 चा. मधल्या काळात हा गायक जगाला माहीत झाला होता आणि ऑक्टोबर 2003 मध्ये, अवघ्या 34 व्या वर्षी, गेलाही होता. नव्या आवृत्तीसाठी या ध्वनिमुद्रणावरून हात फिरवला तो लॅरी क्रेनने. क्रेन हा स्मिथचा मित्र आणि अमेरिकेतल्या पोर्टलँड शहरातला रेकॉर्डिंग इंजिनियर. ‘टेप ऑप’ हे ध्वनिमुद्रणाला वाहिलेलं नियतकालिक त्यानेच सुरू केलं. 1997 मध्ये त्याने ‘जॅकपॉट’ हा स्टुडिओ उभारला तेव्हा स्मिथ त्याच्यासोबत होता. पुढे स्मिथच्या मागे राहिलेल्या टेपांची देखभाल त्याच्याकडेच आली.

आपण काय केलं हे क्रेनने आवृत्तीसोबत लिहून सांगितलं. गिटारच्या तारांवर बोटं घसरल्याचे आवाज फार मोठे होते, दचकवत होते. ‘स’सारखी व्यंजनं कानाला ओरखडत होती. हे दोन्ही त्याने कमी केलं. त्यामुळे संगीत जास्त जवळचं वाटेल आणि ध्वनी गाण्यांची बाजू घेईल, असं त्याला वाटलं. पुन्हा मिक्स, म्हणजे वेगवेगळे भरलेले आवाज नव्याने एकत्र बसवणं, असं काहीही केलेलं नाही, हेही त्याने बजावून सांगितलं.

एवढंच प्रकरण. पण ते मला वर्षानुवर्षं सोडत नाही. मी घरी केलेली रेकॉर्डिंग मिक्स करून देतो. गिटार आणि आवाज, फार तर दुसरा एखादा सूर, अशी गाणी माझ्याकडे येतात. दर वेळी तोच प्रश्न समोर उभा राहतो: ही खरखर पुसायची का, आणि पुसायची तर किती? ‘रोमन कॅन्डल’मध्ये तो सर्वांत अवघड रूपात आला आहे, कारण ज्याला विचारायचं तो माणूसच नाही.

तळघर

1993 साली स्मिथ ‘हीटमायझर’ या बँडमध्ये गिटार वाजवत होता आणि गात होता. बँड कर्कश वाजणारा, गिटारी फाटलेल्या आवाजाच्या, ड्रम्स पुढे. अशा बँडमध्ये गाणाऱ्याला ओरडावंच लागतं. त्या वर्षी त्याने जे. जे. गॉन्सनच्या घराच्या तळघरात चार-ट्रॅक रेकॉर्डरवर, म्हणजे एकाच टेपवर चार आवाज वेगवेगळे भरणाऱ्या यंत्रावर, काही गाणी भरली. गॉन्सन त्याची मैत्रीण होती आणि बँडची मॅनेजरही. इथे ओरडायची गरज नव्हती. तो जवळजवळ कुजबुजत गायला.

हा अल्बम म्हणून भरलेलाच नव्हता. ‘कॅव्हिटी सर्च’ या पोर्टलँडच्याच छोट्या कंपनीकडे टेप गेली तेव्हा स्मिथची अपेक्षा फार तर एका सात इंची रेकॉर्डची होती, म्हणजे एका बाजूला एक गाणं आणि दुसऱ्या बाजूला एक. कंपनीने टेप ऐकली आणि सगळीच गाणी काढायची म्हटलं. एकूण नऊ गाणी, जेमतेम अर्धा तास. त्यातल्या चार गाण्यांना नावच नाही, ‘नो नेम’ आणि पुढे क्रमांक. शेवटचं तर शब्दांविना, नुसतं वाद्यांचं. ग्रंजचा, म्हणजे कर्कश गिटारींच्या रॉकचा, जोर होता. गोंगाट करणाऱ्या बँडांच्या त्या शहरात इतकं हळू काही काढलं तर लोक आपली मुंडीच उडवतील, असं त्याला वाटत होतं.

टेप कोणत्या मनःस्थितीत भरली गेली हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढचा वाद त्यावरच उभा आहे. ‘लो-फाय’, म्हणजे खरखरीत, घरगुती ध्वनिमुद्रण, ही नंतर आवड झाली, शैली झाली, मुद्दाम आणायची गोष्ट झाली. आज लोक स्वच्छ रेकॉर्डिंगवर टेपचा खोटा ‘हिस’, म्हणजे तिची सळसळ, चढवतात. त्या तळघरात तसलं काही नव्हतं. एक माणूस हाताशी होतं ते यंत्र आणि हाताशी होता तो माइक घेऊन गाणी पकडून ठेवत होता. खरखर त्याने मागितली नव्हती. पण गाणं ऐकताना ती त्याच्या कानावर पडलीच असेल, आणि तरीही त्याने टेप दिली. मागितलेली नाही पण चालवून घेतलेली, या दोन टोकांमध्ये सगळा तिढा आहे.

यंत्राची ओढाताण

घरगुती चार-ट्रॅक यंत्रं 1979 पासून मिळू लागली. ‘टीॲक’ कंपनीचं ‘पोर्टास्टुडिओ’ हे त्यातलं पहिलं. अशी यंत्रं बहुधा साध्या कॅसेटवर चालत. कॅसेटची टेप 3.8 मिलिमीटर रुंद. तिच्यावर एकाच दिशेने चार ट्रॅक बसवायचे म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला मिलिमीटरसुद्धा येत नाही. मोठ्या स्टुडिओत 24 ट्रॅकसाठी दोन इंच रुंदीची टेप असे आणि ती सेकंदाला 38 किंवा 76 सेंटिमीटर वेगाने धावे. साधी कॅसेट धावते सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर. टेप जितकी अरुंद आणि संथ, तितके त्यावरचे चुंबकीय कण आवाजासाठी कमी पडतात आणि त्यांची स्वतःची सळसळ वर येते. हाच टेपचा हिस.

पाचवी गोष्ट भरायची झाली तर भरलेले ट्रॅक एकत्र करून उरलेल्या एकावर उतरवायचे आणि जागा मोकळी करायची. त्याला बाउन्स करणं म्हणतात. दर बाउन्सला जुना हिस नव्या हिसवर चढतो. आणि एकदा उतरवलं की माघार नाही. गिटार जरा कमी करू, असं नंतर म्हणता येत नाही.

हिसबद्दल माझं मत स्पष्ट आहे: त्याला हात लावायचा नाही. गाणं सुरू झाल्यावर काही सेकंदांत कान त्याला सरावतो, खोलीत पंखा चालू असावा तसा. सतत असणारा आवाज मेंदू बाजूला सारतो. उलट तो येत-जात राहिला की त्रास देतो. हे मी स्वतःच्या हाताने केलेल्या एका घोटाळ्यातून शिकलो. एका मित्राचं गाणं साफ करताना मी त्याच्या आवाजावर नॉइज गेट लावलं. गेट म्हणजे ठरावीक पातळीखाली आवाज गेला की वाट बंद करणारं साधन. दोन ओळींमधली जागा एकदम शांत झाली, मला वाटलं काम झालं. मग ते हेडफोनवर ऐकलं. दर ओळीच्या सुरुवातीला हिस धाडकन आत येत होता आणि ओळ संपली की दार आपटल्यासारखा जात होता. आधी जो कुणालाच ऐकू येत नव्हता तो आता प्रत्येक ओळीला हजेरी लावत होता. शिवाय ओळीआधीचा श्वास गेटने खाल्ला होता. गायक श्वास न घेताच गातो आहे, असं वाटत होतं. मी गेट काढलं आणि गाणं आधी होतं तसं परत दिलं.

पण क्रेनचं गाऱ्हाणं हिसबद्दल नव्हतंच. ते बोटांच्या आणि व्यंजनांच्या आवाजाबद्दल होतं. ही वेगळी जात आहे.

हळू गाण्याची किंमत

बोटांचा आवाज आधी घेऊ. स्टीलच्या तारांच्या गिटारीत जाड तारांभोवती बारीक तार गुंडाळलेली असते, अगदी घट्ट वेटोळी. डाव्या हाताची बोटं एका कॉर्डवरून दुसऱ्या कॉर्डवर जाताना त्या वेटोळ्यांवरून घसरतात आणि प्रत्येक वेटोळं बोटाखालून टकटकत जातं. सेकंदाला शेकडो, कधी हजारो टकटक, म्हणून एक सूरच तयार होतो. बोट वेगात गेलं की तो वर चढतो, थबकलं की खाली येतो. किंच करून निघणारा तो आवाज हाच.

आता नीट पाहायची गोष्ट ही. तार छेडण्याचा जोर उजव्या हातात असतो आणि किंच डाव्या हातातून येते. गिटार जोरात वाजवली तर सूर मोठे होतात, किंच होती तेवढीच राहते आणि सुरांखाली झाकली जाते. हळू वाजवली तर सूर लहान होतात, किंच मात्र तशीच. मग तो हळू सूर टेपवर नीट यावा म्हणून माइक जवळ आणायचा, गेन म्हणजे येणाऱ्या आवाजाची पातळी वाढवायची. सुराबरोबर किंचही वर येते, आणि सुराच्या मानाने मोठी ठरते.

आवाजाचंही तेच. मोकळ्या गळ्याने गाताना स्वरांमध्ये, म्हणजे आ, ओ, ई मध्ये, भरपूर ताकद असते. ‘स’ हा मात्र गळ्यातून येत नाही. तो दात आणि जीभ यांच्या फटीतून सुटणाऱ्या हवेचा आवाज आहे. गाणारा हळू झाला, कुजबुजीच्या जवळ गेला, की स्वरांची ताकद झपाट्याने उतरते, ‘स’ची तितकी उतरत नाही. तोंड माइकला जवळजवळ टेकलेलं असतं, त्यामुळे हवेचा झोत सरळ आत जातो. ‘स’ची ताकद साधारण पाच ते आठ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात एकवटते, आणि आपला कान सर्वांत तल्लख असतो तो त्याच्या किंचित खालच्या पट्ट्यात. स्वस्त माइक अनेकदा इथलेच आवाज जास्त मोठे करून पकडतो. इंग्रजी गाण्यांत ‘स’ आणि ‘ट’ची रेलचेल. मराठी गाताना तोच उपद्रव ‘च’ आणि ‘ज’ देतात: ‘चार’मधला च निभावून जातो, ‘चाक’मधला माइकवर टोचतो. मराठी गाणी मिक्स करताना मी या दुसऱ्या ‘च’ला कित्येकदा शिव्या घातल्या आहेत.

स्मिथच्या बाबतीत त्यात आणखी भर पडते. त्याची ओळखच झालेली एक पद्धत होती: तीच ओळ तो दोनदा गायचा आणि दोन्ही आवाज एकावर एक ठेवायचा. स्वर मिळून येतात, आवाजाला एक झिरझिरीत रुंदी येते. पण दोन ‘स’ कधीच नेमके एका क्षणी पडत नाहीत. एक जरा आधी, एक जरा नंतर. त्यामुळे ‘स’ लांबतो आणि फाटतो.

म्हणून मला वाटतं की या अल्बममधली किंच आणि ओरखडे हा यंत्राचा दोष म्हणणं अपुरं आहे. महागड्या स्टुडिओत, रुंद टेपवर, इतक्याच हळू गायलं-वाजवलं असतं तरी हे आवाज आलेच असते. फरक इतकाच की तिथे काचेपलीकडे इंजिनियर बसलेला असतो. माइक थोडा तिरका कर, झोत बाजूने जाऊ दे, असं त्याने सांगितलं असतं. तळघरात ते सांगणारं कुणी नव्हतं. हळू गाण्याची ती किंमत होती आणि स्मिथने ती पूर्ण मोजली.

हातात काय होतं

क्रेनने पुन्हा मिक्स न करता स्मिथनेच केलेल्या मिक्सवर काम केलं. म्हणजे डावं आणि उजवं अशा दोन वाहिन्यांत मिसळून गेलेलं सगळं. यात गिटार वेगळी काढता येत नाही, आवाज वेगळा काढता येत नाही. ‘स’ ज्या पट्ट्यात आहे त्याच पट्ट्यात तारांची चमक आहे. तिथे सरसकट कात्री लावली तर ‘स’बरोबर गिटारही पांघरूण घेतल्यासारखी घुसमटते.

त्यामुळे हे काम क्षणाक्षणाने करावं लागतं. डी-एसर नावाचं साधन ठरावीक पट्ट्यावर नजर ठेवतं आणि तिथली पातळी उसळली की तेवढ्यापुरतं दाबतं. ते अंदाजाने चालतं आणि कधी निष्पाप सुरालाही धरतं. दुसरा मार्ग म्हणजे हाताने एकेक ‘स’, एकेक किंच शोधायची आणि फक्त तेवढ्या दशांश सेकंदापुरती पातळी उतरवायची. ज्याने हे केलं आहे त्याला ठाऊक आहे की अर्ध्या तासाच्या संगीतात असे शेकडो क्षण निघतात आणि तासाभरात कान इतका थकतो की चांगलं-वाईट कळेनासं होतं. मी तर वीस-पंचवीस मिनिटांनी थांबतोच, आणि दुसऱ्या दिवशी आदल्या दिवशीचं निम्मं काम मागे घेतो.

मग मास्टरिंग, म्हणजे तयार मिक्सवरचा शेवटचा हात, झालं रॉजर सायबेल या इंजिनियरकडे. त्याने सुरांचा तोल किंचित सावरला आणि आवाजाची पातळी थोडी वाढवली. जमेल तितका मोठा करायचा, असा त्यांचा इरादा नव्हता, हे क्रेनने नोंदवून ठेवलं आहे. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या काळात नव्याने निघणाऱ्या कितीतरी जुन्या अल्बमांचा गळा याच हव्यासाने घोटला गेला. हळू जागा वर आणायच्या, मोठ्या जागा दाबायच्या, सगळं एका उंचीला ठोकून बसवायचं. ‘रोमन कॅन्डल’चं तसं केलं असतं तर श्वास, हिस, किंच सगळंच वर आलं असतं आणि पुसलेलं पुन्हा लिहिल्यासारखं झालं असतं.

अधिकार कोणाचा

आक्षेप उघड आहे आणि तो हलका नाही. स्मिथने ही टेप दिली तेव्हा त्याने ती अशीच दिली. ऐकणाऱ्यांनी सोळा वर्षं ती अशीच ऐकली. कुणाच्या तरी सर्वांत वाईट रात्री ती अशीच वाजत होती. ‘नो नेम’ क्रमांक तीन 1997 च्या ‘गुड विल हंटिंग’ या चित्रपटात वाजलं आणि असंख्य लोकांना स्मिथ तिथेच पहिल्यांदा भेटला, तेही याच तळघरातल्या आवाजात. त्या लोकांच्या आठवणीत किंच गाण्याचा भाग झालेली आहे. मेलेल्या माणसाच्या अक्षरात आपण काना-मात्रा सुधारायच्या का?

मला हा आक्षेप ‘स’च्या बाबतीत पटत नाही. या अल्बमचं मर्म जवळीक आहे. माणूस वीतभर अंतरावर बसून, कुणाला उठवायचं नाही अशा बेताने, गातो आहे. ऐकणारा आपोआप पुढे झुकतो. नेमका त्या वेळी ‘स’ कानात सुईसारखा शिरला की तो मागे सरतो, आवाज कमी करतो. आवाज कमी केला की जवळीक संपली. म्हणजे ओरखडणारा ‘स’ गाण्याच्या विरुद्ध काम करतो. तो उतरवला तर गाणारा होता तिथेच राहतो आणि ऐकणारा पुन्हा पुढे झुकतो. गेलेल्या मित्राच्या टेपसाठी एवढं करायला मी तरी कचरलो नसतो.

किंचेच्या बाबतीत मात्र मी अडखळतो. ‘स’ अंगावर येतो, किंच हात दाखवते. ती ऐकू आली की डोळ्यांपुढे मनगट हलतं, कॉर्ड बदलतो. गाणं पुढच्या ओळीकडे वळायच्या क्षणभर आधी ती वळण सांगते. ऐकणाऱ्याला न कळत तिची सवय झालेली असते. माझ्याकडे कुणी किंच काढून दे म्हणून येतं तेव्हा मी एकच परीक्षा घेतो: गाणं अगदी लहान आवाजात लावायचं, इतकं की शब्द जेमतेम कळावेत, आणि पाहायचं की आधी काय ऐकू येतं, सूर की किंच. किंच आधी आली तर ती उतरवायची, पण सुराच्या मागे जाईल एवढीच. नाहीशी करायची नाही. किंच पूर्ण गेलेली गिटार यंत्राने वाजवल्यासारखी वाटते, आणि यंत्राच्या साथीने कुणी असं गात नाही.

क्रेनने शब्द वापरला तो ‘कमी करणं’ हा. काढून टाकणं नाही. दोन्हींतलं अंतर त्याला माहीत होतं, कारण तो त्या माणसासोबत स्टुडिओत बसला होता, त्याचे हात त्याने पाहिले होते. अधिकाराचा प्रश्न माझ्यापुरता इथे सुटतो. पुढे कुणी अनोळखी माणूस एखादं नवं सॉफ्टवेअर घेऊन याच मिक्समधून आवाज आणि गिटार वेगळे करील, हिस शून्यावर आणील. आज ते शक्य आहे, आणि मला त्याची भीती वाटते. ते काम तांत्रिकदृष्ट्या कितीही सफाईचं झालं तरी त्याच्या कानात मूळ माणूस नसेल.

आणखी एक. क्रेनने काय केलं आणि का केलं हे नव्या आवृत्तीसोबतच लिहून दिलं. ऐकणाऱ्याला ठाऊक आहे की हा आवाज कुठे कुठे उतरवला आहे, आणि 1994 ची डिस्क ज्याच्याकडे आहे तो दोन्ही शेजारी ठेवून पाहू शकतो. मी स्वतः आता कुणाचंही गाणं साफ करून परत देताना सोबत चार ओळी लिहितो: अमुक ठिकाणी ‘च’ उतरवला, तमुक ठिकाणी श्वास तसाच ठेवला, हिसला हात लावलेला नाही. आणि मूळ फाइल जपून ठेवा, असंही लिहितो.

दोन्ही आवृत्त्या मी एका रात्री लागोपाठ ऐकल्या. नव्या आवृत्तीत आवाज गादीवर ठेवल्यासारखा मऊ वाटला, ‘स’ बोचला नाही, आणि मी हेडफोनची पातळी एकदाही खाली आणली नाही. अल्बममधलं ‘कॉन्डॉर ॲव्हेन्यू’ हे गाणं लागलं तेव्हा किंच कुठे येते म्हणून मुद्दाम कान लावून बसलो. ती होती. सुराच्या मागे, अंधारात कुणी खुर्चीत जरा सावरून बसावं तशी.